एका चिलटाचं आडनाव

टोपलीतली केळी जरा जास्त पिकली, की कुठून कोण जाणे, चिलटं येतात. हात हलवला की उडतात, पुन्हा तिथंच येऊन बसतात. एकदा मी फडकं उगारलं, तेवढ्यात प्राणिशास्त्र शिकणारी माझी मुलगी म्हणाली, "अब्बा, थांबा. ती ड्रोसोफिला आहे."

मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. माश्यांचं शास्त्र मला यावं, अशी कुणाची अपेक्षा नाही. पण नवं नाव कानावर पडलं की त्याचा अर्थ धुंडाळायची खोड कविता लिहिणाऱ्याला असतेच. ड्रोसोफिला म्हणजे दवावर प्रेम करणारी. फालेन या स्वीडिश अभ्यासकानं १८२३ साली हे नाव दिलं. जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचा जीव आणि नाव इतकं देखणं! त्या दिवसापासून मी मुलीला प्रश्न विचारू लागलो.

इंग्रजीत या चिलटाला फळमाशी म्हणतात. पण आपले आंबा बागायतदार जिच्यामुळे हैराण असतात, ती फळमाशी ही नव्हे. ती दुसऱ्या कुळातली, चांगल्या फळात अंडी घालणारी. आपलं चिलट बहुधा आंबायला लागलेल्या फळावर येतं, तेही तिथल्या यीस्टच्या ओढीनं. नाव एक, घर वेगळं. कोकणात आम्हाला हे नवीन नाही. शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलाचं आणि माझं आडनाव एकच होतं, गावावरून पडलेलं. तो हिंदू, मी मुसलमान.

शास्त्रीय नावाचे दोन भाग असतात. पहिला आडनावासारखा, तो प्रजातीचा. दुसरा स्वतःचा, तो जातीचा. केळ्यावरच्या या चिलटाचं पूर्ण नाव ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. मेलॅनोगॅस्टर म्हणजे काळ्या पोटाची. हिच्यातल्या नराच्या पोटाचं टोक काळं असतं. उबेत दहा दिवसांत अंड्याची माशी होते आणि बाटलीभर खाद्यावर शेकडो माश्या पोसता येतात. म्हणून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांनी हिला हाताशी धरलं. लाल डोळ्यांच्या माश्यांत १९१० साली पांढऱ्या डोळ्यांचा एक नर निघाला. त्याच्या पुढच्या पिढ्या मोजता मोजता, आनुवंशिक गुण गुणसूत्रांवर असतात याचा पुरावा हाती आला. १९३३ साली मॉर्गन यांना नोबेल मिळालं. आईबापांकडून मुलांकडे काय आणि कसं जातं, याचे कितीतरी धडे आपण या चिलटाकडून शिकलो.

गंमत अशी, की जिनं सगळ्या जगाला आनुवंशिकता शिकवली, तिच्याच नात्यागोत्याचा घोळ अजून मिटलेला नाही.

ड्रोसोफिला हे आडनाव लावणाऱ्या दीड हजारांहून जास्त जाती आहेत. दिसायला सगळ्या उन्नीस-बीस. मॉर्गन यांचे शिष्य स्टर्टेव्हंट यांनी १९३९ साली त्यांचे पोटगट पाडले. नुसतं रंगरूप न पाहता त्यांनी शरीराच्या आतले अवयव तपासले, अंडीसुद्धा पाहिली. ओल्या गरात रुतलेल्या अंड्याला श्वास घेता यावा म्हणून त्याला बारीक तंतू असतात. मेलॅनोगॅस्टरच्या अंड्याला दोन, तर दुसऱ्या बाजूच्या बहुतेक जातींत चार. मेलॅनोगॅस्टरच्या पोटगटाला त्यांनी नाव दिलं सोफोफोरा, म्हणजे ज्ञान वाहून आणणारी.

पुढे डीएनएची अक्षरं वाचता येऊ लागली आणि नात्यांची खरी वंशावळ हळूहळू पुढे आली. तिच्यात असं दिसलं, की भलतीच आडनावं लावणाऱ्या काही माश्या ड्रोसोफिलाच्या घरातच जन्मलेल्या आहेत. स्कॅप्टोमायझा ही हवाई बेटांवरच्या ड्रोसोफिलांची सख्खी बहीण. तिच्या काही जातींच्या अळ्या हिरव्या पानांच्या आत राहून पान पोखरतात. दुसरी झाप्रिओनस, अंगावर चंदेरी पट्टे असलेली. तिच्या एका जातीचं नाव इंडियानस. भारतात मिळालेल्या नमुन्यांवरून १९७० साली तिचं वर्णन झालं, म्हणून हे नाव. मूळची ती आफ्रिकेची. १९९९ मध्ये ती ब्राझीलमध्ये सापडली आणि तिथल्या अंजिरांना लागली.

ड्रोसोफिला या नावाची मूळ मानकरी आहे फ्युनेब्रिस नावाची जाती. ती झाप्रिओनस आणि स्कॅप्टोमायझा यांना जितकी जवळची आहे, तितकी मेलॅनोगॅस्टरला नाही. म्हणजे एकाच आडनावाचे लांबचे भाऊबंद एका यादीत, आणि लग्नानंतर आडनाव बदललेली सख्खी बहीण यादीबाहेर!

आता यादी नात्याप्रमाणे लावायची, तर ड्रोसोफिलाचं मोठं घर फोडावं लागेल. नियम असा, की घर फुटलं तर आडनाव मूळ मानकऱ्याकडे, म्हणजे फ्युनेब्रिसकडे राहतं. मग मेलॅनोगॅस्टरला सोफोफोरा व्हावं लागेल. पण शंभर वर्षांचे ग्रंथ, प्रयोग, शोधनिबंध, सगळीकडे तिचं जुनंच नाव आहे. त्यामुळे काही शास्त्रज्ञांनी २००७ साली आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाकडे अर्ज केला, की नियमाला अपवाद करून मेलॅनोगॅस्टरलाच मानकरी ठरवा. पण तसं केलं, तर घर फुटल्यावर दुसऱ्या बाजूच्या शेकडो जातींना नवं आडनाव शोधावं लागणार. बराच वाद झाला आणि २०१० साली आयोगानं अर्ज फेटाळला. घर अजून एकत्रच आहे. केळ्यावरचं चिलट ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टरच राहिलं, फक्त अभ्यासकांच्या वंशावळीत त्याची जागा आता नेमकी ठाऊक आहे.

हे सगळं ऐकून मी मुलीला म्हणालो, "एवढे शिकलेले लोक, आणि आडनावाला फसले?" ती हसली, काही बोलली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी माझी आई गेली. गावच्या जमिनीवर वारसनोंद करायची होती. मी टेबलाशी बसून नावं लिहिली. आधी माझं, मग दोन्ही भावांचं. कागद मुलीच्या हातात दिला. तिनं वाचला आणि विचारलं, "अब्बा, फुफी कुठे आहे?"

माझी थोरली बहीण. मला कडेवर घेऊन वाढवलेली आमची आपा. तिला वगळायचं माझ्या मनातही नव्हतं. एकाच आडनावाची नावं लिहीत गेलो आणि हात तिथंच थांबला, इतकंच. पण कागद तसाच गेला असता, तर कागदानं माझं मन थोडंच वाचलं असतं?

मी पेन घेतलं आणि आपाचं नाव सर्वांत वर लिहिलं, तिच्या सासरच्या आडनावासकट.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)