खेळाडूंनीच भरवलेले न्यायालय
ऑनलाइन खेळांचे जग : लेखांक ६

‘लीग ऑफ लेजंड्स’ हा रायट गेम्स या अमेरिकी कंपनीचा खेळ २००९ मध्ये आला. पाच विरुद्ध पाच अशा या सामन्यात एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे अर्धा-अर्धा तास एका संघात बांधली जातात. मध्येच उठून गेल्यास शिक्षा होते आणि एकाची चूक उरलेल्या चौघांना भोवते. चॅटमधली शिवीगाळ, मुद्दाम मरून प्रतिस्पर्ध्याला बळ देणारे ‘फीडिंग’, रुसून जागीच उभे राहणे हे सारे या कोंडीत फोफावते. खेळाडू अशा वागण्याला ‘टॉक्सिक’ म्हणतात. सामना संपल्यावर ‘रिपोर्ट’चे बटण दाबून तक्रार करता येते, पण तक्रारींचा ढीग इतका वाढला की तो कर्मचाऱ्यांच्या आवाक्यात राहिला नाही.

यावर उपाय म्हणून २०११ मध्ये ‘ट्रायब्युनल’ सुरू झाले. एखाद्याविरुद्ध पुरेशा तक्रारी जमल्या की त्यांचे प्रकरण तयार होई. त्यात त्याच्या सामन्यांतील चॅट, त्याची कामगिरी आणि तक्रारदारांचे म्हणणे असे. अनुभवी खेळाडू ते वाचून ‘शिक्षा’ किंवा ‘माफी’ असे मत देत आणि बहुमताने निकाल लागे. सुरुवातीला बहुमताशी जुळणाऱ्या मताला खेळातले चलन बक्षीस मिळे. ही तरतूद घातकच होती, कारण तिच्यामुळे योग्य काय यापेक्षा इतर काय म्हणतील याचा अंदाज बांधणे फायद्याचे ठरते. पुढे ती काढून टाकण्यात आली.

हे खेळाडू-न्यायाधीश कितपत विश्वासार्ह होते? जेरेमी ब्लॅकबर्न आणि हेवून क्वाक या संशोधकांनी २०१४ मध्ये सुमारे १४.६ लाख आरोपी खेळाडूंवरील १ कोटीहून अधिक तक्रारी आणि त्यांचे निकाल तपासले. जिथे मतदारांचे जवळपास एकमत होते, तिथे संगणकालाही निकालाचा चांगला अंदाज बांधता आला. म्हणजे ठळक प्रकरणांत खेळाडूंच्या मतांना निश्चित सूत्र होते. ती मनाला येईल तशी दिलेली नव्हती.

ट्रायब्युनलची खरी दुबळी बाजू विलंबाची होती. शिक्षा येईपर्यंत आपण नेमके काय बोललो हे माणूस विसरलेला असे. म्हणून शिक्षेसोबत ‘रिफॉर्म कार्ड’ पाठवले जाऊ लागले, ज्यात त्याचेच चॅट त्याच्यासमोर ठेवलेले असे. कारण न सांगता दिलेल्या शिक्षेने फक्त चीड वाढते. स्वतःचे शब्द समोर आल्यावर वाद घालायला जागा उरत नाही. २०१४ मध्ये ट्रायब्युनल बंद झाले. त्यानंतर आलेली स्वयंचलित यंत्रणा सामना संपल्यावर थोड्याच वेळात निर्णय देऊ लागली.

ट्रायब्युनल सुरू असतानाच रायटच्या खेळाडू-वर्तन गटाचे प्रमुख, मेंदूविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेले जेफ्री लिन, एका महत्त्वाच्या निष्कर्षापर्यंत पोहोचले. सतत वाईट वागणारे खेळाडू सुमारे १ टक्काच होते. उरलेले बहुतांश गैरवर्तन एरवी नीट खेळणाऱ्यांकडून, वाईट दिवशी, होत होते. सराईतांना बॅन करून प्रश्न सुटणार नव्हता. खेळातील वातावरणच बदलायला हवे होते. प्रतिस्पर्धी संघाशी होणारे चॅट आधीपासून बंद ठेवून, हवे असल्यास सुरू करण्याची मुभा दिल्यावर आठवड्याभरात वाईट चॅट ३० टक्क्यांहून अधिक घटले आणि चांगले सुमारे ३५ टक्क्यांनी वाढले. चॅटवर बंदी घालावी लागली नाही, फक्त एक जादा क्लिक मध्ये आला. ऑक्टोबर २०१२ मध्ये चांगल्या सोबत्याला दाद देणारी ‘ऑनर’ पद्धतही आली.

व्हॉल्व्ह कंपनीने २०१३ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ या नेमबाजीच्या खेळासाठी ‘ओव्हरवॉच’ ही वेगळी रचना उभारली. तपासनीस खेळाडूला सामन्याच्या आठ फेऱ्यांचे चित्रण मिळे. संशयिताचे नाव लपवलेले आणि बोलणे वगळलेले असे. नेमबाजीत किंवा भिंतीपलीकडचे पाहण्यात बाहेरील प्रोग्रॅमची मदत घेतली का, स्वतःच्याच संघाला मुद्दाम त्रास दिला का, एवढेच ठरवायचे. शंका उरली तर ‘पुरावा अपुरा’. आधीचे निवाडे अचूक असलेल्या तपासनीसाच्या मताला जास्त वजन मिळे. फसवणूक चित्रणात दिसते, म्हणून ती तपासायला ही पद्धत योग्य ठरते. शिवीगाळीचा निवाडा मात्र बोलणे वगळून होऊच शकत नाही. तिथे भाषेची जाण लागते, थट्टा आणि छळ यांतला फरक ओळखावा लागतो, आणि तो संघाबाहेरच्या परक्या वाचकाला बहुधा अर्धाच कळतो.