वन इन थर्टीसेव्हन!

दूधसागरचा तो फोटो तुमच्या मोबाइलमध्ये नक्की असणार. स्वतः काढलेला नसेल, तर कुणीतरी फॉरवर्ड केलेला तरी. हिरवागार डोंगर, वरून सांडणारं दूध आणि त्याच्या कमरेला बिलगून जाणारी रेल्वे. २०१३मध्ये ‘चेन्नई एक्सप्रेस’ आला आणि त्यानंतर हा स्पॉट असा काही हिट झाला की बस्स! जुलै २०२३मध्ये बंदी धाब्यावर बसवून रुळांवरून धबधब्याकडे निघालेल्या ट्रेकर मंडळींना चक्क उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओही घरोघरी पोचला. आपण हसलो, शेअर केला आणि सोमवारच्या मीटिंगला निघून गेलो.

पण बॉस, त्या फोटोतली एक गोष्ट आपण कधी नीट बघतच नाही. ती म्हणजे गाडी. आणि त्यातही मालगाडी. मालगाडी म्हटलं की आठवतं ते बंद फाटक, बाइकवर घाम पुसत उभे असलेले आपण आणि न संपणारे डबे. तेच धूड इथे, या घाटात, पावसात, डोंगर चढत असतं. पुढे दोन-तीन इंजिनं, मध्ये पन्नासहून जास्त वाघिणी आणि शेपटाला आणखी दोन-तीन इंजिनं. एका गाडीला पाच-पाच इंजिनं? शो-ऑफ अजिबात नाही. ताकद कमी पडली तर गाडी घाटातच अडकू शकते.

फ्लायओव्हरएवढाच तर चढ!

या घाटाचं नाव ब्रगांझा घाट. ब्रगांझा म्हणजे पोर्तुगालचं राजघराणं. वर कर्नाटकातलं कॅसलरॉक, खाली गोव्यातलं कुळे, मध्ये सुमारे २६ किलोमीटर. १८७८मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीजांचा करार झाला, मुरगाव बंदर देशाच्या आतल्या मुलखाला जोडायचं ठरलं आणि १८८८पर्यंत इथे मीटरगेजची गाडी धावू लागली. १९९०च्या दशकात तिचं ब्रॉडगेज झालं. रूळ रुंद झाले, पण डोंगर काही सपाट झाला नाही.

रेल्वेच्या भाषेत हा घाट ‘वन इन थर्टीसेव्हन’. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. तुम्ही म्हणाल, हात्तिच्या, एवढंच? शहरातल्या फ्लायओव्हरचा चढ साधारण असाच असतो आणि आपली अॅक्टिव्हा तो कुरकुर न करता चढते. बरोबर आहे. पण अॅक्टिव्हाला रबराचे टायर आहेत आणि खाली खरखरीत डांबर. रेल्वेकडे काय? गुळगुळीत लोखंडी चाक आणि त्याखाली तितकाच गुळगुळीत रूळ. सपाटीवर हीच मोठी सोय असते, कारण घर्षण कमी आणि इंधनही कमी. चढावर मात्र तीच सोय अंगाशी येते.

तुलनाच करायची तर कोकण रेल्वे घ्या. १९९८मध्ये ती पूर्ण सुरू झाली. तिथे सर्वसाधारण चढाची मर्यादा १५०ला १ ठेवली आणि त्यासाठी वाटेल तेवढे बोगदे आणि पूल बांधले. ती सह्याद्रीच्या पायथ्याने जाते म्हणून ते जमलं. ज्याला सह्याद्रीच चढायचाय, त्याला ही मुभा नाही. पश्चिमेच्या बाजूने हा डोंगर भिंतीसारखा उभा आहे. मुंबई-पुणे करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. कर्जतला आपण वडापाव घेत असतो तेव्हा गाडीच्या मागे जे जास्तीचं इंजिन लागतं, ते याचसाठी. बोरघाटही १:३७च. फरक एवढाच, की बोरघाटात १९३०च्या सुमारास वीज आली आणि ब्रगांझा घाटाने त्यानंतर कित्येक दशकं आधी कोळशाच्या आणि मग डिझेलच्या इंजिनांवर काढली.

बारा नाण्यांची पकड

आता जरा हिशोब करू. घाबरू नका, सोपा आहे. मुरगाव बंदरात परदेशातून कोळसा उतरतो आणि तो घाट चढून बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्यांना जातो. भरलेल्या रेकचं वजन धरा ५,००० टन. १:३७च्या चढावर दर ३७ टनांमागे १ टनाचा जोर गाडीला मागे खेचत असतो. म्हणजे झाले साधारण १३५ टन. त्यात इंजिनांचं स्वतःचं वजन, वळणांवर चाकं घासतात तो अडथळा, बेअरिंगचा अडथळा, सगळं मिळवा.

या घाटाचा गेल्या काही वर्षांतला हीरो म्हणजे डब्ल्यूडीजी-४. मूळ अमेरिकन डिझाइन, १९९०च्या दशकाच्या शेवटी भारतात आलं, मग वाराणसीच्या कारखान्यात बनू लागलं आणि हुबळीचं शेड त्याचं माहेरघर झालं. १६ सिलिंडर, ४,००० हॉर्सपॉवर, वजन १२६ टन. जागेवरून उठताना एक इंजिन साधारण ५४ टनांचा जोर लावतं. मग तीन इंजिनांत काम भागलं की! कागदावर, हो. कोरड्या रुळावर, नशीब जोरावर असेल तर. पण सह्याद्रीत चार महिने पाऊस कोसळतो, रुळांवर पालापाचोळा पडतो, बोगद्यांत पाणी ठिबकतं. तिथे तीन इंजिनं म्हणजे डोंगराशी जुगार.

खरी गोम ताकदीत नाहीच, ती पकडीत आहे. डब्ल्यूडीजी-४ला बारा चाकं. प्रत्येक चाक रुळाला टेकतं ते जेमतेम नाण्याएवढ्या जागेत. १२६ टनांचं धूड आणि त्याची अख्खी भिस्त बारा नाण्यांवर! ताकद जास्त झाली तर चाक जागच्या जागी गरगर फिरायला लागतं, चिखलात अडकलेल्या कारसारखं. गाडी पुढे जात नाही, रूळ तेवढा झिजतो.

त्यावर सगळ्यात जुना आणि आजही न हरलेला उपाय म्हणजे वाळू. इंजिनाच्या पोटात वाळूच्या पेट्या असतात. चाक घसरायला लागलं की नळीतून वाळू थेट चाकाखाली सोडायची. ती कोरडी हवी, ओली वाळू नळीतच बसते. नवा उपाय आहे कॉम्प्युटर. डिझेल इंजिन चाकं थेट फिरवत नाही बरं का! ते वीज तयार करतं आणि त्या विजेवर चाकांच्या मोटारी चालतात. म्हणजे हे स्वतःचं पॉवरहाउस सोबत घेऊन फिरणारं विजेचंच इंजिन. डब्ल्यूडीजी-४मधला कॉम्प्युटर रडारने जमिनीवरचा खरा वेग मोजतो, चाकाच्या वेगाशी ताडून बघतो आणि चाक घसरण्याच्या अगदी काठावर मोटारीची वीज सांभाळत राहतो. पूर्वीच्या अल्को इंजिनांवर हे काम पायलटच्या कानांना आणि हातांना करावं लागायचं.

अल्कोचा विषय निघालाच आहे तर सांगते, त्या इंजिनांचा काळा धूर ही रेल्वेवेड्यांची खास आवडती गोष्ट. पायलट नॉच वाढवतो (डिझेल इंजिनाला आठ नॉच असतात), इंधन लगेच वाढतं, पण टर्बोला वेग घेऊन हवा पुरवायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात अर्धवट जळलेलं डिझेल भसाभस बाहेर! फोटोत सॉलिड दिसतं. फुप्फुसात नाही.

मागून ढकला!

पाचही इंजिनं पुढेच का जोडत नाहीत? कारण डबे एकमेकांना धरून असतात ते कपलिंगने. सगळा ओढा पुढूनच लावला तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर अख्ख्या गाडीचा ताण येतो आणि ते तुटू शकतं. चढावर गाडी तुटणं म्हणजे काय, याची कल्पनाही नको. म्हणून निम्मं काम मागच्यांकडे. मागून ढकलणाऱ्या इंजिनांना रेल्वेत म्हणतात बँकर. बँकेशी संबंध शून्य.

मात्र पुढचा पायलट आणि मागचा पायलट यांच्यात अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर आणि मध्ये वळणं, बोगदे. एकाने ओढायला आणि दुसऱ्याने ढकलायला एकाच वेळी सुरुवात करायला हवी. त्यासाठी शिट्ट्यांची ठरलेली भाषा आहे, सोबतीला वॉकीटॉकी. पुढून शिटी, मागून उत्तर, मग नॉच. आपल्या ऑफिसात दोन टीम लीडना एका ईमेलवर एकत्र आणता येत नाही, हे लोक धुक्यात शिटीवर जमवतात!

आणि मग सुरू होतो तो चढ. पाच इंजिनांचे मिळून २०,००० हॉर्सपॉवर, म्हणजे आपल्या छोट्या हॅचबॅकसारख्या अडीचशे गाड्यांचा दम. आणि एवढं करून वेग किती? वरचाच हिशोब पुढे नेला तर ताशी पंचवीस-तीस किलोमीटर. सायकलवाल्याने ठरवलं तर शर्यत लावता येईल. पण मध्येच थांबायचं मात्र नाही. थांबलेली भरलेली गाडी १:३७वर पुन्हा उठवणं ही घाटातली सगळ्यात नकोशी वाटणारी गोष्ट.

खरी परीक्षा उतारावर

आपल्याला वाटतं, चढ संपला की सुटलो. घाटात काम करणाऱ्यांना विचाराल तर त्यांची भीती उलट्या दिशेची असते. चढताना फसलात तर गाडी उभी राहते. उतरताना फसलात तर ती उभीच राहत नाही.

पुन्हा थोडं गणित. ५,००० टनांची गाडी साडेपाचशे मीटर खाली आणायची, तर जेवढी ऊर्जा जिरवावी लागते ती होते साडेसात हजार युनिट. तुमच्या टू-बीएचकेचं महिन्याचं बिल दीडशे युनिटांचं असेल, तर चार वर्षांची वीज! हे सगळं फक्त ब्रेकच्या ठोकळ्यांवर सोडलं, तर ते तापून त्यांची पकडच जाईल. म्हणून इंजिनाच्या मोटारी उलट्या कामाला लावतात. चाकं मोटारींना फिरवतात, मोटारी वीज बनवतात आणि ती वीज इंजिनातल्या जाळ्यांमध्ये तापवून पंख्यांनी हवेत उडवून दिली जाते. घाट उतरणाऱ्या इंजिनाचा तो चिरका आवाज असतो, तो याच पंख्यांचा. उतरायला लागण्याआधी ब्रेकची तपासणी सक्तीची असते ती उगाच नाही.

आता या सगळ्यात रुळांवरून ग्रुपने चालत जाणारे आपण कल्पून पाहा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, पुढे वळण, बोगद्यात बाजूला व्हायला जागा नाही आणि धबधब्याच्या गाजेत हॉर्न ऐकू येईलच याची खात्री नाही. पायलटला तुम्ही दिसलात तरी पाच हजार टन तिथल्या तिथे थांबत नाहीत. उठाबशांचा व्हिडिओ फनी होता, मान्य. त्यामागचं कारण नव्हतं.

घाटही काही गरीब नाही. २३ जुलै २०२१ला दूधसागर आणि सोनावलीदरम्यान दरड कोसळली आणि मंगळूर-मुंबई एक्सप्रेस रुळांवरून घसरली. ऑगस्ट २०२४मध्ये याच टप्प्यात कोळसा भरलेल्या मालगाडीचे डबे घसरले.

दुसरा रूळ हवाय कुणाला?

एवढा त्रासदायक रस्ता, मग शेजारी आणखी एक रूळ टाका, अशी योजना आलीच. तिनईघाट ते वास्को दुहेरीकरण. पण हा मार्ग जातो भगवान महावीर अभयारण्यातून आणि डबे भरलेले असतात कोळशाने. गोव्यात त्यावरून रान पेटलं. ‘गोंयांत कोळसो नाका’ म्हणत लोक रस्त्यावर आले, नोव्हेंबर २०२०मध्ये चांदरला मध्यरात्री रुळांजवळ जमले. त्यात आपल्या वयाची कॉलेज-ऑफिसवाली मुलंमुली मोठ्या संख्येने होती.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने २०२१मध्ये जो मुद्दा मांडला, तो मला सगळ्यात पटतो, कारण तो थेट या लेखाच्या मथळ्याशी जोडलेला आहे. चढ तर १:३७चाच राहणार. म्हणजे देशातल्या सर्वांत अकार्यक्षम टप्प्यांपैकी एकाची क्षमता थोडीशी वाढवायला पश्चिम घाटाचं जंगल द्यायचं. मे २०२२मध्ये न्यायालयाने घाटातल्या दुहेरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

तिकडे डिझेलचेही दिवस सरत चाललेत. देशातल्या जवळपास सगळ्या ब्रॉडगेज मार्गांवर विजेच्या तारा पोचल्या आहेत. वाराणसीच्या त्या कारखान्याच्या नावातलं ‘डिझेल’सुद्धा २०२०मध्ये गेलं. घाटासाठी ही चांगलीच बातमी म्हणायची. विजेचं आधुनिक इंजिन उतरताना तयार झालेली वीज पंख्याने उडवून देत नाही, ती तारेत परत पाठवतं. वाळू आणि बँकर मात्र त्यालाही चुकलेले नाहीत.

बघायचंय? रुळांवर उतरू नका. वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्सप्रेस पकडा. ती दुपारी सुटते आणि पुण्यावरूनच जाते. कुळ्याला ती जरा रेंगाळली आणि मागून एक हलकासा धक्का बसला, की समजा बँकर लागले. खिडकीशी बसा, हेडफोन काढा आणि धबधबा यायच्या आधी शिट्ट्या ऐका. पुढची, मग मागची.