बुलेट किक मारूनही उठत नाहीये? आधी डीकॉम्पची केबल बघा

जुनी कास्ट आयर्न बुलेट वापरणाऱ्यांसाठी. डाव्या हँडलवरचा तो छोटा डीकॉम्प (डीकॉम्प्रेशन) लिव्हर केबलने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलतो, कॉम्प्रेशन सुटतं आणि किक हलकी जाते. इग्निशन चालू करून ॲमीटरचा काटा मधोमध आणायचा, लिव्हर दाबून किक जरा पुढे ढकलायची, लिव्हर सोडायचा, मग पूर्ण किक. ३५० असो वा ५००, रीत हीच.

घोळ होतो केबल जास्त ताणलेली असली की. व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. कॉम्प्रेशन गळतं, सायलेन्सरमध्ये फटफट होते, आणि तसंच चालवत राहिलात तर व्हॉल्व्ह जळतो. लोक मात्र कार्ब्युरेटर खोलून बसतात!

लिव्हर बोटाने हलवा. सुरुवातीला दोन-तीन मिलिमीटर मोकळा हललाच पाहिजे. मग इंजिन आयडलवर ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आवाज बदलला तर एखादी केबल कुठेतरी ताणली जातेय; बहुतेकदा टाकीखाली दबलेली सापडते.

टॅपेट सेट करताना ही केबल आधी पूर्ण सैल करा, ॲडजस्टमेंट सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने केलंत तर टॅपेटचं माप चुकतं.

आपल्या कल्याणच्या पावसात आतली तार गंजते, लिव्हर सोडला तरी ती मागे येत नाही. जूनआधी वरच्या टोकातून पातळ तेल सोडा, खालून थेंब पडेपर्यंत. तारेचा एक जरी धागा तुटलेला दिसला तर केबल बदला. पत्रीपुलाच्या ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडली की मागचे हॉर्न काही थांबत नाहीत.