शिपायाच्या ट्रंकेतल्या नोटा

दुसऱ्या महायुद्धातली इटलीच्या लिराची एक नोट आहे. तिच्या मागच्या बाजूला इंग्रजीत चार स्वातंत्र्यं छापलेली आहेत: बोलण्याचं, धर्माचं, गरजेच्या विवंचनेतून सुटण्याचं आणि भीतीतून सुटण्याचं. रूझवेल्टनं १९४१ साली अमेरिकी काँग्रेसपुढं मांडलेली ही सूत्रं. नोट छापली अमेरिकेत, चालवली इटलीत आणि १९४४ साली ती येऊन पडली बेळगावच्या केंद्रात तयार झालेल्या मराठा शिपायाच्या हातात. त्या वर्षी त्याच्या स्वतःच्या देशात यातलं पहिलं स्वातंत्र्य मागणारे पुढारी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. ही नोट आज संग्राहकांच्या बाजारात किरकोळ भावात मिळते. माझ्या मते तिच्याइतकी बोलकी नोट दुसरी नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात युद्धकाळातल्या नोटा शोधायच्या तर लिलावांच्या याद्या चाळण्याआधी लष्करी पेशाची गावं आठवावीत. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीच्या नावातच तिचा इतिहास आहे. कागल, गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यातूनही पिढ्यान् पिढ्या पोरं पलटणीत गेली. त्यांनी परत येताना पत्र्याची काळी ट्रंक आणली. त्या ट्रंकेत पदकं, डिस्चार्जचे कागद, एखादा ग्रुप फोटो आणि कागदांच्या घडीत दोन-चार परदेशी नोटा. घरच्यांनी पदकं भिंतीवर लावली. नोटा मात्र ‘चालत नाहीत’ म्हणून पोरांना खेळायला दिल्या किंवा रद्दीत गेल्या.

सुरुवात पहिल्या महायुद्धापासून करावी लागते. आपल्याकडं एक रुपयाची कागदी नोट जन्मली तीच युद्धामुळं. चांदीचा भाव इतका चढला, की रुपयाचं नाणं वितळवून चांदी विकणं फायद्याचं ठरू लागलं. सैन्याचा पगार, धान्य, ताग, कातडी या सगळ्या खरेदीला नाणं पुरेना. मग ३० नोव्हेंबर १९१७ ला पंचम जॉर्जचं चित्र असलेली एक रुपयाची नोट निघाली आणि तिच्या मागोमाग अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची. एक रुपयाच्या नोटा पंचवीसच्या पुस्तकातही मिळत, चेकबुकासारख्या फाडून द्यायच्या. लोकांचा कागदावर विश्वास नव्हता, ते नोट देऊन चांदी मागत. सरकारची इतकी कोंडी झाली, की १९१८ मध्ये अमेरिकेनं खास कायदा करून आपल्या खजिन्यातली सुमारे वीस कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी मोकळी केली. एक आणि अडीच रुपयांच्या नोटा १ जानेवारी १९२६ पासून बंद झाल्या. अडीचची नोट आज चांगल्या अवस्थेत हाती लागणं म्हणजे नशीब. सध्या बाजारात तिच्या नकलाही फिरतात.

शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये. तेवढ्यावर १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढल्या. जनरल टाऊनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ पासून कूत अल-अमारात वेढली गेली. सुटकेसाठी इंग्रजांनी तुर्कांना आधी दहा लाख आणि मग वीस लाख पौंड देऊ केले. ही बोलणी करायला गेलेल्यांत टी. ई. लॉरेन्स होता. तुर्कांनी पैसा नाकारला. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली आणि त्यातली बरीचशी परतली नाहीत. पुढं ११७ व्या पलटणीला ‘रॉयल’ किताब मिळाला.

या मोहिमेचा चलनाच्या अंगानं एक गमतीशीर परिणाम झाला. फौजेबरोबर हिंदुस्थानी रुपया बसऱ्यात आणि बगदादेत शिरला आणि तिथंच राहिला. १९३२ मध्ये इराकनं स्वतःचा दिनार काढला तोवर तिथला बाजार रुपयावर चालत होता. त्यामुळं बसऱ्याहून आलेल्या शिपायाच्या ट्रंकेत आपल्याच सरकारच्या नोटा सापडल्या तर आश्चर्य वाटायला नको. वेगळी दिसते ती तुर्कांची लिरा, अरबी लिपीतली, जर्मनीच्या पाठबळावर काढलेली. ती सापडली तर ते घर कूतच्या वेढ्याशी किंवा तुर्की कैदेशी जोडलेलं आहे का, हे विचारावंच. पूर्व आफ्रिकेत जर्मनांच्या वसाहतीतलं चलनही ‘रुपी’च होतं. समुद्रमार्ग तुटल्यावर जर्मनांनी तिथल्या तिथं मिळेल त्या कागदावर हंगामी नोटा छापल्या. वेडावाकडा ठसा, भरड कागद. अशा नोटेवर मी कितीही वेळ घालवू शकतो, पण आपला विषय पुढचा आहे.

दुसऱ्या महायुद्धात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी इतक्या दिशांना पांगल्या, की केवळ नोटांवरून त्यांचा नकाशा काढता येईल. तिसरी पलटण १९४१ च्या मार्चमध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरावर होती. दुसरी २१ जून १९४२ ला तोब्रुक पडलं तेव्हा तिथं सापडली आणि कैदी झाली. उत्तर आफ्रिकेत इंग्रजांनी ‘ब्रिटिश मिलिटरी ऑथॉरिटी’च्या शिलिंगच्या नोटा चालवल्या, त्यावर मुकुटावर उभा सिंह आहे. पण तोब्रुकच्या कैद्याच्या ट्रंकेत याहून मोलाची वस्तू असू शकते: इटालियन किंवा जर्मन कैदी-छावणीतलं कुपन. छावणीत खरा पैसा कैद्याच्या हाती पडू द्यायचा नाही, म्हणजे पळून गेला तरी त्याला तिकीट काढता येणार नाही, हा त्यामागचा हिशोब. जर्मन कुपनावर ‘लागरगेल्ड’ हा शब्द दिसतो, तर इटालियनवर ‘बुओनो’. आपल्याकडंही देहरादून, योल, भोपाळ, बंगळूर इथल्या छावण्यांत इटालियन आणि जर्मन कैद्यांसाठी अशीच कुपनं होती. दोन्ही बाजूंची कुपनं एका पानावर लावली तर युद्धाची दोन्ही तोंडं दिसतात.

इटलीत पहिली आणि तिसरी पलटण होती. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना ओढून आणत आणि मशीनगनची ठाणी उडवत लढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांच्या स्मरणार्थ २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. सुरुवातीला सांगितलेली लिरा ही याच रणांगणातली. दर चारशे लिरांना एक पौंड. लहान किमतीच्या नोटा जवळजवळ चौकोनी, पत्त्याएवढ्या.

याच इटलीत माँते कासिनोचा डोंगर १८ मे १९४४ ला पोलिश सैनिकांनी घेतला. आणि त्याच वेळी हजारो पोलिश बायका-मुलं आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात राहत होती. १९४० मध्ये रशियानं त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया आणि मध्य आशियात नेलं होतं. त्याआधीच, १९३९ च्या डिसेंबरात, रशियाच्या ताब्यातल्या भागात पोलिश झ्लोटी रद्द करून टाकली होती, म्हणजे माणसांआधी त्यांचा पैसा हद्दपार झाला. इराणमार्गे निघालेले सुमारे पाच हजार लोक १९४३ पासून १९४८ पर्यंत वळिवड्याच्या छावणीत राहिले. शाळा, चर्च, दुकानं, सगळं तिथं होतं. जामनगरजवळ बालाचडीत नवानगरच्या जामसाहेबांनी सांभाळलेली पोलिश मुलंही पुढं इथंच आली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सात जामसाहेबांच्या, माँते कासिनोच्या आणि कोल्हापूरच्या स्मारकांना एकाच दौऱ्यात भेट दिली. त्याच नवानगर संस्थानानं सुट्या पैशांच्या टंचाईत पुठ्ठ्याची छोटी कुपनं काढली होती. धातू दारूगोळ्याला लागला, पै-पैसा बाजारातून गायब झाला आणि १९४० ते ४३ च्या दरम्यान गोंडल, मोरवी, जुनागढ, कच्छ, बिकानेर, बुंदी अशा संस्थानांनी बोटभर आकाराच्या या चिठ्ठ्यांवर निभावून नेलं. संग्राहकांची त्यावर उडी पडते, कारण पुठ्ठा टिकत नाही.

आता ब्रह्मदेश. कोल्हापूर भागातल्या घरांत सर्वात जास्त सापडणारी परदेशी नोट इथलीच. वर ‘द जॅपनीज गव्हर्नमेंट’ असं इंग्रजीत, पॅगोडा, ताडाची झाडं आणि बहुतेक नोटांवर क्रमांक नाहीच, नुसती अक्षरं. पहिलं अक्षर देश सांगतं: बी म्हणजे बर्मा, एम म्हणजे मलाया, पी म्हणजे फिलिपिन्स, एस म्हणजे डच ईस्ट इंडिज, ओ म्हणजे ओशनिया. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ही नोट जुन्या रुपयाच्या बरोबरीनं लोकांच्या गळ्यात मारली. मे १९४५ मध्ये इंग्रज फौजा परत शिरल्या तेव्हा ती रस्त्यावर पालापाचोळ्यासारखी पडली होती. मणिपुरातल्या सांगशाकला मार्च १९४४ मध्ये जपान्यांना अडवून धरणाऱ्यांत चौथी मराठा पलटण होती. असे शिपाई पुढं ब्रह्मदेशात गेले तेव्हा त्यांनी या नोटा मूठभरून उचलल्या. म्हणूनच तिला भाव नाही. ‘जपानची नोट आहे, लाखात जाईल’ म्हणून विचारायला येणाऱ्यांना हे सांगताना त्यांचा चेहरा पडतो, पण खोटं बोलण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा पारखून घ्यावी ती आपलीच नोट, ज्यावर लाल अक्षरांत ‘मिलिटरी ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ बर्मा’ असा शिक्का आहे. १९४५ साली परत आलेल्या लष्करी प्रशासनानं ती फक्त ब्रह्मदेशासाठी काढली.

जपानचं दुसरं हत्यार होतं बनावट हिंदुस्थानी नोटा, आणि त्या इतक्या सफाईदार होत्या, की रिझर्व्ह बँकेला जलचिन्ह बदलावं लागलं. सहाव्या जॉर्जचा बाजूनं दिसणारा चेहरा जाऊन समोरून दिसणारा आला आणि आपल्या नोटेत सुरक्षा धागा पहिल्यांदा त्याच वेळी शिरला. आज खिशातल्या नोटेतला धागा उजेडात धरून बघता, त्याची सुरुवात अशी आहे. त्या बदललेल्या नोटांवर सही आहे चिंतामणराव देशमुखांची. महाडजवळच्या नाते गावचा हा माणूस ११ ऑगस्ट १९४३ ला रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद करणाऱ्या हाताला नेमक्या त्याच काळात नोटांच्या पुरावर सही करावी लागली. इंग्लंड युद्धासाठी इथून माल घेई, पैसे लंडनच्या खात्यात जमा दाखवी आणि त्या भरवशावर इथं नाशिकला नोटा छापल्या जात. युद्ध सुरू होताना चलनात १८० कोटींच्या आसपास असलेल्या नोटा युद्ध संपताना हजार कोटींच्या पुढं गेल्या. महागाई कुठून आली ते शोधायला लांब जायला नको. १९४० मध्ये एक रुपयाची नोट परत आली, ३ मार्च १९४३ ला दोनची निघाली, रुपयाच्या नाण्यातली चांदी निम्म्यावर आली. १२ जानेवारी १९४६ ला काळा पैसा धरण्यासाठी पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. २०१६ मध्ये बँकेच्या रांगेत उभं राहताना हे किती जणांना आठवलं असेल?

आझाद हिंद बँकेबद्दल सगळेच विचारतात. ती एप्रिल १९४४ मध्ये रंगूनला निघाली हे खरं. पण तिच्या नावावर आज विकल्या जाणाऱ्या नोटांपैकी बऱ्याचशा अलीकडं छापलेल्या असतात. नेताजींचं चित्र आणि मोठा आकडा बघून पैसे मोजू नयेत. जाणकाराला दाखवल्याशिवाय तर नाहीच. तसंच ‘जुन्या नोटा लाखात घेतो’ अशा जाहिरातींबद्दल रिझर्व्ह बँकेनंच २०२१ मध्ये सावध केलं आहे.

भाव ठरतो तो घडी, डाग, टाचणीची भोकं आणि कागदाचा कडकपणा बघून. आपल्या जॉर्जच्या नोटांना टाचणीची भोकं जवळजवळ ठरलेलीच, कारण बँका गड्ड्या टाचत असत. त्याला फारसा कमीपणा नाही. कमीपणा येतो तो आपण नंतर केलेल्या उद्योगांनी: इस्त्री फिरवणं, सेलोटेप, लॅमिनेशन. लॅमिनेशन केलेली नोट संग्राहकाच्या दृष्टीनं संपली. स्वस्त पीव्हीसीची पाकिटं पावसाळ्यात चिकटतात, पॉलिएस्टरची घ्यावीत. दुर्मीळ नोटा प्रत्यक्ष पाहायच्या असतील तर मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आणि बंगळूरचं भारतीय कागदी चलनाचं संग्रहालय, ही दोन ठिकाणं.

पण बाजारभावाच्या नादात आपण एक गोष्ट घालवतो आहोत, आणि त्यात संग्राहक सगळ्यात मोठे दोषी. शिपायाच्या घरातून नोट उचलताना आपण नोट तेवढी घेतो. ती कुणी आणली, कुठल्या पलटणीतून, कुठल्या साली, हे विचारत नाही. ते लिफाफे, ते पे-बुक तिथंच राहतं आणि पुढच्या पुरात जातं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शिरोळ तालुक्यातल्या किती ट्रंका भिजल्या याची गणतीच नाही. बर्माची दहा रुपयांची नोट कुठल्याही जत्रेत मिळेल. ‘ही माझ्या आजोबांनी इंफाळहून आणली’ असं सांगणारी नोट ज्या घरात आहे त्याच घरात मिळते, आणि सांगणारं माणूस आहे तोवरच.

म्हणून या दिवाळीत माळा साफ करताना पलटणीतल्या कुणाची ट्रंक निघाली, तर नोटा आणि कागद वेगळे करू नका. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला जवळ बसवा. शिपायाचं नाव, गाव, पलटणीचा क्रमांक, कुठं-कुठं गेला, नोट कशी मिळाली हे विचारा. नोटेवर काही लिहू नका. वेगळ्या कागदावर पेन्सिलीनं लिहा, तारीख घाला आणि तो कागद नोटेबरोबर त्याच पाकिटात ठेवा.