घंगाळातलं पाणी

आपल्याकडे शिष्य गुरूचे पाय धुतो. लग्नात मुलीचे आईबाप जावयाचे पाय धुतात, काही घरांत ते पाणी तीर्थ म्हणून डोळ्यांना लावतात. धुणारा लहान आणि धुवून घेणारा मोठा, हे कुणी शिकवावं लागत नाही. म्हणूनच योहानाच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायाशी मराठी वाचकाने अडखळायला हवं. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू पंगतीतून उठतो, कमरेला पंचा गुंडाळतो, घंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. त्या काळी हे काम घरातल्या दासाचं. पेत्र संकोचून नकार देतो. गुरूकडून सेवा घेणं त्याला सेवा करण्यापेक्षा अवघड जातं. आणि थोड्याच वेळात दगा देणारा यहूदाही त्या पंगतीत आहे. त्याचे पाय वगळलेले नाहीत.

दर पवित्र गुरुवारी चर्चमध्ये हा विधी होतो. कॅथलिक परंपरेत 2016 पर्यंत नियमाने फक्त पुरुषांचेच पाय धुतले जात. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये, निवडून आल्यावर काही दिवसांतच, रोममधल्या बालसुधारगृहात जाऊन मुलींचे आणि मुस्लीम कैद्यांचेही पाय धुतले. नियम त्यानंतर बदलला. 17 एप्रिल 2025 रोजी ते व्हीलचेअरवरून रोमच्या रेजिना चेली तुरुंगात गेले. या वेळी पाय धुणं आपल्याला जमणार नाही, असं त्यांनी कैद्यांना सांगितलं; पण त्यांना भेटायला ते गेलेच. चार दिवसांनी त्यांचं निधन झालं.

पण विधी वर्षातून एकदाच येतो, आणि मंडळीतली पदं, मानाच्या खुर्च्या वर्षभर असतात. त्या घंगाळातलं पाणी चर्चच्या दाराबाहेर कुठे पोचलं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. त्यासाठी पंडिता रमाबाईंच्या केडगावला जायला हवं.

ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी 1889 मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि तिथल्या मुलींच्या धर्मांतराच्या वादाने 1893 मध्ये पुणं पेटलं. तो वाद सोडून त्यांचं मोठेपण सांगता येत नाही, आणि तेवढ्यावर ते संपतही नाही. त्यांचे आईवडील आणि बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गेले. ती भूक अंगावर झेललेली ही विदुषी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि तिथल्या सुमारे 300 मुलींना आश्रय दिला. केडगावच्या मुक्ती सदनात या मुली शेती, विणकाम, छपाई शिकल्या. रमाबाईंचं एरवी कमी बोललं जाणारं काम मला सर्वांत हेलावून टाकतं. संस्कृतातल्या पांडित्यासाठी ‘सरस्वती’ ही पदवी मिळालेल्या या बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या, तेही कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा साध्या मराठीत. छपाईही मुक्तीतल्याच बायकांच्या हातची. स्वतःचं पांडित्य त्यांनी त्या मुलींच्या पायांशी नेऊन ठेवलं. 1921 मध्ये लेक मनोरमा गेली, 1922 मध्ये त्या स्वतः.

हेच पाणी दवाखान्यांतही पोचलं. तमिळनाडूत वेल्लोरला मिशनरी डॉक्टर आयडा स्कडर यांनी 1900 मध्ये एका खाटेचा दवाखाना सुरू केला आणि 1918 मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. पुढे त्याच संस्थेत शिकलेले रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं 1970 मध्ये जामखेडला आलं. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला हा दुष्काळी तालुका. आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं, हे दोघांनी 1960 मध्ये लग्नातच ठरवलं होतं.

त्यांच्या ध्यानात आलं की दवाखान्यात बसून मुलं वाचवता येत नाहीत. ती अतिसाराने, उपासमारीने, घाण पाण्याने दगावतात. पाण्यासाठी हातपंप बसवायचे होते, तेव्हा त्यांनी ते दलित वस्तीत बसवण्याचा आग्रह धरला. म्हणजे गावाला पाणी हवं, तर पाय त्या वस्तीकडे वळणार. जातीवर व्याख्यान न देता हंडा घेऊन चालायला लावणारा हा निर्णय. भाविक माणूस किती व्यवहारी असू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मग आली दुसरी, त्याहून कठीण गोष्ट. त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, काही दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना बाळंतपण, लसीकरण, मुलाचं वजन, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, हे सगळं शिकवलं. डॉक्टरांना आपलं ज्ञान असं वाटून टाकणं सोपं नसतं, कारण त्याबरोबर मानही वाटला जातो. आरोळ्यांनी तो वाटला. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हाती आरोग्य देणाऱ्या प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये.

पुढे देशोदेशींचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले. त्यांच्यासमोर शिकवायला उभ्या राहत त्या गावच्या बायका. पदवीधर पाहुणे वही उघडून बसत, आणि शाळेत कधी न गेलेली बाई त्यांना सांगे, की घरात शिरताना आधी चुलीकडे बघा, मग बाळाकडे.