तुतारीच्या आरेवर फिरणारे वर्तुळ

दहावीची परीक्षा सुरू आहे. अमरावती विभागीय मंडळाच्या पाचही जिल्ह्यांत घरोघरी एकच विषय आहे : केंद्र कुठे आले, भरारी पथक कुठल्या केंद्रावर गेले. भूमितीचा पेपर जिथे बसून सोडवायचा, त्या जागेचे नावच ग्रीक भूमितीने दिले आहे, हे मात्र मुलांना कुणी सांगत नाही.

ग्रीकांचे ‘केन्ट्रॉन’ म्हणजे टोचणारे टोक, बैल हाकायची अणकुचीदार काठी. आपल्या वऱ्हाडी शेतकऱ्याच्या हातातली तुतारी आणि तिच्या टोकाची आर, तीच ही. कंपासचे टोक कागदात रुतते आणि वर्तुळ त्याच्याभोवती फिरते. त्या बिंदूला ग्रीकांनी हेच नाव दिले. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ग्रीक ज्योतिष भारतात आले, त्याबरोबर शब्द संस्कृतात शिरला आणि केंद्र झाला. ‘होरा’ही तिकडचाच. व्यासासाठीच्या ग्रीक शब्दाचे ‘जामित्र’ झाले. पत्रिकेत लग्नस्थानाच्या अगदी समोरचे, सातवे विवाहाचे घर ते हेच. कालिदासाने ‘कुमारसंभवा’त पार्वतीच्या लग्नाची तिथी सांगताना हा शब्द वापरला आहे. वराहमिहिराने तर ‘बृहत्संहिते’त मोकळेपणाने नोंदवले, की यवनांकडे, म्हणजे ग्रीकांकडे, हे शास्त्र नीट रुजलेले आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूज्य. ज्ञान कुणाकडून घेतले हे सांगण्यात त्या पंडिताला कमीपणा वाटला नाही. आज प्रत्येक शोध आपलाच ठरवण्याची जी घाई चालते, तिच्यापुढे मला हे फार मोठे वाटते.

अष्टकोनाची गोष्ट वेगळी. ‘ऑक्टॅगॉन’मधला ‘ऑक्टो’ आणि आपला ‘अष्ट’ एकाच कुळातले, कुणी कुणाकडून घेतलेले नाहीत. ‘गोनिया’ म्हणजे कोपरा. ग्रीकातल्या गुडघ्याच्या शब्दाशी त्याचे नाते आहे. आपला ‘कोन’ या गोनियावरूनच आला का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

हे सारे डोळ्यांनी पाहायचे तर अचलपूरजवळ हौज कटोरा आहे. गोल हौद आणि त्याच्या मधोमध दगडी अष्टकोनी मनोरा : वर्तुळ, केंद्र, अष्टकोन एकाच जागी. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा ही इमारत जास्त शिकवते. अमरावती-अकोल्याच्या गणित शिक्षकांनो, पुढच्या वर्षी वर्तुळाचा धडा सुरू करण्याआधी मुलांना एकदा तिथे घेऊन जा.