तुमच्या साइटवरचं मराठी कोण लिहितं? वर्डप्रेसच्या भाषांतराची गोष्ट आणि तुम्ही काय करू शकता

आजचा विषय एका चुकीच्या बटणापासून सुरू होतो.

मी लाखांदूरचा. आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयाची साइट मी वर्डप्रेसवर बनवून दिली होती. सभासदांची यादी ठेवायला एक फुकटचं प्लगिन टाकलं. वाचनालय सांभाळणारे काका मोबाइलवरच सगळं बघायचे. साइट मराठीत होती, पण त्या प्लगिनची बटणं इंग्रजीत. रोवणीच्या दिवसांत एका संध्याकाळी काकांचा फोन आला, "बाप्पा, हे तं सारंच गेलं रे बाबू!"

त्यांना एक नाव काढायचं होतं. त्यांनी सगळी नावं निवडली आणि 'डिलीट परमनंटली' दाबलं. त्या दोन शब्दांचा अर्थ त्यांना माहीत नव्हता. दोन महिने बसून टाकलेली यादी एका टचमध्ये गेली. बॅकअप मी घेतला नव्हता, ती चूक माझीच. जुनं रजिस्टर होतं म्हणून वाचलो. पुढचे आठ दिवस मी आणि काका नावं परत टाकत बसलो.

कचरापेटीतून परत का मिळालं नाही?

वर्डप्रेसमध्ये तुम्ही एखादी पोस्ट किंवा पान काढलं, तर ते आधी कचरापेटीत जातं आणि सहसा ३० दिवस तिथेच राहतं. तोवर ते परत आणता येतं. पण प्लगिन स्वतःचा डेटा वेगळ्या जागी ठेवत असेल, तर ही सोय तिथे असेलच असं नाही. आमच्या प्लगिनमध्ये नव्हती. म्हणून बटणावर काय लिहिलंय ते समजणं इतकं महत्त्वाचं.

मग हे मराठी येतं कुठून?

वर्डप्रेस हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी 'बी टू' नावाच्या जुन्या ब्लॉग सॉफ्टवेअरच्या कोडवरून ते पुढे नेलं आणि २७ मे २००३ ला पहिली आवृत्ती आली. आज जगातल्या दर पाच साइटपैकी दोन तरी त्यावर चालतात. कोड जीपीएल परवान्याखाली आहे, म्हणजे कोणीही वापरा, बदला, वाटा.

भाषेचंही तसंच. भाषांतर करणाऱ्या गटाला 'पॉलीग्लॉट्स' म्हणतात आणि त्यातले बहुतेक लोक स्वयंसेवक असतात. काम चालतं ट्रान्सलेट डॉट वर्डप्रेस डॉट ऑर्ग या ठिकाणी. प्रत्येक बटण, सूचना, एरर तिथे एकेक ओळ म्हणून दिसते. तिला 'स्ट्रिंग' म्हणतात. तुम्ही मराठी सुचवता, ती ओळ 'प्रतीक्षेत' जाते, आणि मराठीचे संपादक तपासून मंजूर करतात.

प्लगिनसाठी एक अट लक्षात ठेवा: साधारण ९० टक्के ओळी मंजूर झाल्या की त्या प्लगिनचं मराठी भाषा पॅक तयार होतं. मग ते अपडेटसोबत साइटवर येतं. आमच्या प्लगिनच्या निम्म्याही ओळी झाल्या नव्हत्या, म्हणून काकांना इंग्रजी दिसत होतं.

मी काय केलं

१. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर फुकट खातं काढलं.
२. भाषांतराच्या पानावर मराठी निवडून आमचं प्लगिन शोधलं.
३. मोबाइलच्या ब्राउझरमध्येच रोज रात्री वीस-पंचवीस ओळी केल्या. स्क्रीन लहान पडते, पण जमतं.

पहिल्याच आठवड्यात माझ्या बऱ्याच ओळी परत आल्या. कारणं ऐका, तुमच्या कामी येतील.

काही ओळींत टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून एक इंग्रजी अक्षर असतं. त्या जागी नंतर नाव किंवा आकडा बसतो. मी ते कचरा समजून पुसलं होतं! ते जसंच्या तसं ठेवायचं, फक्त मराठी वाक्यात बसेल अशा जागी.

दुसरं, एकवचन आणि अनेकवचनाचे दोन वेगळे रकाने असतात. '१ पुस्तक' आणि '५ पुस्तके' वेगवेगळं लिहायचं. मी दोन्हीकडे 'पुस्तक' ठोकलं होतं.

तिसरी गोष्ट बोलीची. आम्ही झाडीबोलीवाले, घरी 'पाणी' नाही, 'पानी' म्हणतो. काही ओळी मी घरच्या भाषेत लिहिल्या. संपादकांनी समजावलं की हेच पॅक कोल्हापूरलाही जातं, मुंबईलाही आणि लाखांदूरलाही. थोडं वाईट वाटलं, पण पटलं.

त्या घातक बटणासाठी काकांनी सुचवलं, "लिव ना, काढलं तं परत भेटत नाही." आशय एकदम बरोबर, पण एवढं बटणावर मावत नाही. शेवटी बटणावर 'कायमचे हटवा' आलं आणि काकांचं वाक्य प्रमाण मराठीत त्याखालच्या इशाऱ्यात गेलं.

नव्या आवृत्तीच्या बातम्या कशाला वाचायच्या?

कारण त्यात आपल्या कामाचं सापडतं. एप्रिल २०२४ मध्ये ६.५ आवृत्ती आली. तिचं नाव व्हायोलिनवादक रेगिना कार्टर यांच्यावरून ठेवलं. वर्डप्रेसच्या मोठ्या आवृत्त्यांना जॅझ कलाकारांची नावं देतात. त्या आवृत्तीत भाषांतराच्या फाइल वाचायची नवी, वेगवान पद्धत आली. इंग्रजी सोडून इतर भाषांतल्या साइटना भाषांतर लोड करताना जास्त वेळ लागायचा, तो कमी झाला. बातमी इंग्रजीत होती, फायदा आपला होता.

आणखी एक. मोठी आवृत्ती यायच्या थोडं आधी 'रिलीज कँडिडेट' येते. तेव्हा मजकूर बदलणं थांबवतात, म्हणजे भाषांतर करणाऱ्यांना वेळ मिळतो. मदत करायची तर ती सगळ्यात चांगली वेळ. प्रत्यक्ष भेटीगाठींसाठी 'वर्डकॅम्प' भरतात. वर्डकॅम्प एशिया २०२६ साठी तर मुंबईची निवड झाली, तारखा ९ ते ११ एप्रिल.

आज एवढं करा

- साइटचा बॅकअप घ्या. हे आधी!
- तुमच्या प्लगिनचं मराठी किती टक्के झालंय ते बघा.
- दहा ओळी सुचवा. मशीनचं भाषांतर तसंच चिकटवू नका, संपादक ते ओळखतात.

आमच्या प्लगिनचं मराठी पॅक दिवाळीनंतर आलं. मी काकांसमोर एक खोटं नाव टाकलं आणि म्हटलं, "काका, काढा जी." त्यांनी बटण दाबलं, खालचा इशारा मोठ्याने वाचला आणि बोट मागे घेतलं. "थांब, आधी रजिस्टर पायतो," म्हणाले.

मला तेवढंच हवं होतं.